तिसाव्या दिवसाचा फोन

७ जानेवारी २०२५, मंगळवार

औषध कंपनीच्या माणसानं नव्या वर्षाची डायरी दिली. दर वर्षी देतो आणि दर वर्षी आमचे हे ती उचलून किराणा दुकानात नेतात. यंदा मी दिली नाही. अभ्यासाच्या रजिस्टरात पंचवीस रकाने आहेत, पण घरी येऊन पाय उशीवर ठेवून पडल्यावर जे डोक्यात येतं ते लिहायला त्यांत जागा नाही. म्हणून ही.

चोवीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात उभी राहिले. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा आमचे भूलतज्ज्ञ डॉ. योगीराज सर म्हणाले, महादेवी सिस्टर, आता बसून करायचं काम घ्या. ते काम म्हणजे हा अभ्यास. साठीपुढचं माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनची पाळी येईपर्यंत चार-सहा दिवस कण्हत पडून राहतं. सरांचं म्हणणं असं, की आल्या आल्या मांडीच्या नसेजवळ बधिर करणारी एक सुई दिली तर दुखणं थांबतं, माणूस श्वास नीट घेतं, जेवतं, आणि कदाचित वाचतंही जास्त. हे 'कदाचित' तपासायला पाच जिल्ह्यांत पाच केंद्रं आहेत, त्यांतलं एक आमचं परभणीचं. निम्म्यांना सुई, निम्म्यांना नेहमीचे उपचार. कोणाला काय, ते बंद पाकीट ठरवतं.

बसून करायचं काम म्हणे. दिवसभर अपघात विभागातून वॉर्डात आणि वॉर्डातून अपघात विभागात. बसायला मिळतं ते फक्त फोन करताना. ऑपरेशननंतर पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी रुग्णाच्या घरी फोन करायचा आणि छापील प्रश्न विचारायचे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो प्रश्न शेवटी आहे: 'रुग्ण जिवंत आहे काय? होय / नाही.'

पहिल्याच फोनला हे वाचायला गेले आणि जीभ टाळूला चिकटली. पलीकडे म्हातारी बाई, सकाळची वेळ, आणि मी तिला विचारू की तुझा नवरा जिवंत आहे का? असलं अभद्र बोलायला आपल्याकडे वैरीसुद्धा धजत नाही. मी विचारलं, आजोबा बरे आहेत ना? ती म्हणाली, बरं हाय. मी 'होय'वर खूण केली. तेव्हापासून असंच विचारते. अर्थ तोच.

९ जानेवारी, गुरुवार

आज पोखर्णीचे भुजंगराव आले. वय चौऱ्याहत्तर. हौदावर बैलाला पाणी दाखवत होते, बैलानं नुसती मान फिरवली आणि हे दगडावर आपटले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आणलं. सोबत बायको कस्तुराबाई आणि सून भक्ती. मुलगा पुण्याला कंपनीत आहे.

म्हातारा दुखण्यानं पांढराफटक पडला होता, तरी बैलाला कोणी मारलं का म्हणून चौकशी करत होता. कस्तुराबाईंना ऑपरेशन नको होतं. त्यांच्या माहेरी कोणी हाड बसवणारा आहे, तिकडे न्यायचं म्हणत होत्या. मी तासभर त्यांच्याशेजारी फरशीवर बसले (उठताना दोघींनी मला उठवलं). सुईचं गुणगान केलं, सरांच्या हाताचं केलं. शेवटी त्यांचा हात धरून म्हणाले, माझ्यावर सोडा, हे चालत घरी येतील. असं बोलायचं नसतं हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. पण दुपारचे तीन वाजले होते आणि मी जेवलेली नव्हते.

पाकिटाची भानगड शिकाऊ डॉक्टरांना समजावायला सरांना अर्धा तास लागतो. कस्तुराबाईंना ती एका दमात कळली. "म्हंजी देवाम्होरं चिठ्ठ्या टाकल्यावानी," म्हणाल्या. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात त्या असाच कौल लावतात म्हणे. त्यांनी त्या खाकी पाकिटाला हात जोडले, मगच मी ते फोडलं.

नेहमीचे उपचार. सुई नाही.

मी तासभर जिची आरती ओवाळली तीच नेमकी मिळाली नाही. कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या, की देवानं दिलं ते खरं. पाकिटं क्रमानंच येतात, मी काही निवडत नाही. तरी जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. भुजंगरावांचा ऑपरेशनविना सहावा दिवस. एकच थिएटर, एकच भूलतज्ज्ञ, आणि रोज कुणी ना कुणी मोटारसायकलवरून पडलेला पुढे घुसतो. शेजारच्या खाटेवर सुई मिळालेले गृहस्थ मांडी हलवून वर्तमानपत्र वाचतात आणि भुजंगराव कूस बदलायच्या नावानं घामाघूम होतात. एकाच वॉर्डात दोघांना ठेवणं हा कुणाचा शहाणपणा कोण जाणे.

कस्तुराबाईंनी वॉर्डातल्या सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावलं. मलाही. नंतर तीळगूळ नवऱ्याच्या तोंडात घालून म्हणाल्या, गोड बोला, बैलाला शिव्या देऊ नका.

१५ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. सरांनी कमरेतून भूल दिली. सगळं नीट. आता इथून पंधरा आणि तीस दिवस मोजायचे.

२० जानेवारी, सोमवार

भुजंगरावांना घरी सोडलं. चालत नाही गेले, चाकाच्या खुर्चीतून गेले. मी म्हणाले, महिनाभरात चालाल. कस्तुराबाईंनी माझ्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे कोंबले आणि म्हणाल्या, "सिस्टर, फोन करत जावा. तुमचा आवाज आयकला की धीर येतो." असं कोणी मला म्हणून किती वर्षं झाली. घरी आमचे हे माझा आवाज ऐकला की रेडिओ मोठा करतात.

२७ जानेवारी, सोमवार

वेळापत्रकात नसलेला एक फोन केला. रिक्षातूनच केला, कारण उद्यापासून महिनाअखेरचे फॉर्म. भक्तीनं उचलला. खातेत, पितेत, काठी धरून दाराशी येतेत म्हणाली. फक्त ऑपरेशनच्या पायाची पिंढरी सुजलीय म्हणाली. मी सांगितलं, सूज थोडी येतेच, पाय उशीवर ठेवा. दुखते का विचारलं तर म्हणाली, न्हाई, तसं बरं हाय. स्टेशन आलं. ठेवला.

३० जानेवारी, गुरुवार

भुजंगरावांचा पंधरावा दिवस. तीनदा घंटी गेली तेव्हा भक्तीनं उचललं. मागे बरीच माणसं बोलत होती. पाहुणे आलेत म्हणाली. आजोबा बरे आहेत ना, विचारलं. ती म्हणाली, हो, बरं हाय. दुखतं का? "न्हाई. आता काईच दुखत न्हाई."

सुई न मिळालेल्या माणसाचं दुखणं पंधराव्या दिवशी शून्य! मी मोठ्या अक्षरात शून्य काढलं. कस्तुराबाईंना फोन द्या म्हटलं तर म्हणाली, आई आत हायत, भायेर येत न्हाईत. फोनला लाजतात बिचाऱ्या. सुनेचा घसा बसलेला वाटला. थंडी आहे, गरम पाणी पी म्हणाले.

आज अकरा फोन. अकरा जण बरे.

२ फेब्रुवारी, रविवार

रविवारीही चार फोन उरले होते, ते घरून केले. हे बाजूला बसून शेंगा फोडत ऐकत होते. चौथा फोन झाल्यावर म्हणाले, तू विचारतेसच अशी की दुसरं उत्तर देताच येऊ नये. मी दुकानात गिऱ्हाइकाला 'डाळ चांगली होती ना' म्हणून विचारतो, तेव्हा कोणी वाईट होती म्हणतं का?

मी म्हटलं, तुमच्या डाळीत खडे असतात, माझ्या माणसांत नसतात. लिंगपूजेला बसायच्या आधी माणसानं असं टोचून बोलू नये. यांना दवाखान्यातलं काय कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पोखर्णीला उगाच एक फोन लावला. या घराची मला का ओढ लागलीय, ते मला कळतं. ते पाकीट मनातून जात नाही. आज मुलानं उचलला, महारुद्र नाव. खास पुण्याहून आलाय. मागे भांड्यांचा, पंगतीचा गलका. गाव जेवायलंय म्हणाला. वडील बरे झाले म्हणून नवस फेडत असतील, अजून अशी मुलं आहेत म्हणायची. मी आशीर्वाद दिला आणि आजोबांना नमस्कार सांगा म्हणाले. गलका मागे पडला, तो बाजूला आला असावा. मग म्हणाला, "सिस्टर, तुमी लय केलं आमच्यासाठी. उपकार हायत."

दिवसभर बरं वाटलं. गुडघेसुद्धा कमी दुखले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसावा दिवस. भक्तीला विचारलं, बरे आहेत ना? बरं हाय म्हणाली. आज तरी बोलू दे त्यांच्याशी, कुठंयत? तर म्हणाली, रानातच हायत.

तीस दिवसांत रानात! सुईशिवाय! 'जिवंत: होय. चालतो: होय, आधाराशिवाय.' मी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. पाकिटाचं ओझं उतरलं एकदाचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्य केंद्रातल्या मॅडमचा सरांना फोन आला. बाकी चार केंद्रांत प्रत्येकी साठाच्या आसपास रुग्ण आणि तिसाव्या दिवसापर्यंत पाच-सहा मृत्यू. आमच्याकडे सत्तावन्न रुग्ण आणि एक मृत्यू, तोही वॉर्डात डोळ्यांदेखत झालेला. मॅडम म्हणाल्या, परभणीच्या हवेत काही आहे का? पुढच्या महिन्यात तपासणीला माणूस येणार आहे.

सर चिडले. दिवसाला चौदा भुली एकटा माणूस देतो, जेवण डब्यातच राहतं. या अभ्यासातून सुई फायद्याची ठरली तर दुसरा भूलतज्ज्ञ आणि सुई देताना नस दाखवणारं सोनोग्राफीचं यंत्र मंजूर होईल ही त्यांची आशा. एप्रिलमध्ये नागपूरच्या परिषदेत बोलायचं आहे. म्हणाले, आपण चांगलं काम केलं की यांना संशय. सिस्टर, आपले फोन नीट झालेत ना? मी म्हटलं, एकूणएक. मलाही राग आलाच होता.

कुणा दात्यानं सहा वॉकर दिलेत. सगळ्यात छान चालणाऱ्या सहा जणांना द्या, फोटो अहवालात घालू, असं सर म्हणाले. पहिलं नाव मी न विचारताच लिहिलं.

६ मार्च, गुरुवार

लिहायला नको वाटतंय, पण आज नाही लिहिलं तर पुन्हा कधीच लिहिणार नाही.

वॉकर घेऊन पोखर्णीला गेले. काळीपिवळीत मांडीवर तो चार पायांचा सांगाडा, सगळे हसत होते, मीही हसले. कळवून गेले नव्हते. मला त्यांना चालताना अचानक बघायचं होतं.

दाराशी भक्ती भांडी घासत होती. तिनं आधी वॉकर बघितला, मग मला. हात तसेच राखेचे, आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला अजूनही कळलं नव्हतं. मी विचारलं, आजोबा रानात गेलेत का? तेवढ्यात कस्तुराबाई आतून आल्या. कपाळ मोकळं. हातात काही नाही.

पाणी कोणी दिलं, मी कुठे बसले, आठवत नाही. सगळं त्याच सांगत होत्या, मला समजावत होत्या. अवसेच्या आदल्या दिवशी उजाडताना दम लागला, पाणी मागितलं, आणि संपलं. दवाखान्यात न्यायला गाडीसुद्धा काढायला मिळाली नाही. अवसेच्या आदला दिवस म्हणजे अठ्ठावीस जानेवारी. माझा रिक्षातला फोन सत्तावीसचा. पंधराव्या दिवसाच्या फोनमागचा गलका दुखवट्याला आलेल्या माणसांचा होता. नऊ तारखेची पंगत तेराव्याची. आणि ते रानातच आहेत, बांधावरच्या लिंबाखाली. तिथंच अग्नी दिला.

भक्ती रडत म्हणाली, "तुमी म्हनलाव, बरे हायत ना. माझ्या तोंडातून न्हाई म्हनून निघंनाच, सिस्टर. तुमी नीट इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

कस्तुराबाई म्हणाल्या, तिला बोलू नका. "मीच म्हनलं तिला, सांगू नको. त्या बाईनं लय जीव लावला, तिला कशाला रडवायचं. आन् तुमचा फोन आला की कुनीतरी त्यायला बरे हायत का म्हनून इचारायलंय, तेवढंच बरं वाटायचं."

मी रडले. घरधनिणीनं रडायचं तिथं मी रडले आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग भक्तीनं विचारलं की त्या पायाच्या सुजेनं तर काही झालं नसेल ना. मी म्हणाले, तसं सांगता येत नाही. कस्तुराबाई माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

वॉकर तिथंच राहिला. परत न्यायचं सुचलं नाही, ठेवून घ्या म्हणायचं तोंड नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

सांगता येत होतं. मांडीचं, खुब्याचं ऑपरेशन झालं की पिंढरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पिंढरी सुजते. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली की माणूस पाणी मागत जातो. आमच्या थिएटराच्या भिंतीवर याचा तक्ता आहे, तो मीच चिकटवला होता. भक्तीनं मला सत्तावीस तारखेला स्पष्ट सांगितलं होतं. त्याच दिवशी आणा म्हणाले असते तर रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं असतं. ते वाचलेच असते असं नाही. पण वाचले असते, असंही होऊ शकलं असतं.

मी ऐकलं नाही, कारण मला बरंच ऐकायचं होतं. यांना सांगितलं. यांनी रेडिओ बंद केला आणि शेजारी बसून राहिले. डाळीची आठवण काढली नाही. त्यांचे उपकार.

१० मार्च, सोमवार

वॉर्डात गेलेला एक आणि भुजंगराव सोडून आजपासून पंचावन्न घरांना पुन्हा फोन. आता छापील प्रश्न, छापलाय तसा.

पहिल्या फोनला दोनदा ठेवून दिलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून वाचला. पलीकडचा मुलगा शिव्या देऊन म्हणाला, आमच्या बापाच्या मरणाची वाट बघायलेत का? बाप जिवंत आहे. दुसरीकडेही जिवंत. जिंतूरकडची एक बाई मात्र प्रश्न ऐकून बोलायलाच लागली. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले, त्याचं शेवटचं कसं झालं ते अजून कोणी नीट विचारलंच नव्हतं म्हणे. पाऊण तास ऐकलं. हीच ती बाई, जिला मी पहिल्यांदा 'बरे आहेत ना' विचारलं होतं.

१५ मार्च, शनिवार

झाले सगळे. पाच. वॉर्डातला एक धरून सहा. मी ज्यांच्यापुढे 'होय' लिहिलं त्यांतले पाच जण माझ्या फोनच्या वेळी नव्हते.

पाचांपैकी तिघांच्या घरच्यांनी दम लागल्याचं सांगितलं, दोघांनी पायाच्या सुजेचं. कोणीही लपवलं असं म्हणता येत नाही. मी विचारलंच नव्हतं.

चारठाण्याचे सितारामपंत स्वतः फोनवर आले. प्रश्न ऐकून म्हणाले, मेलो असतो तर फोन घ्यायला आलो असतो का? किती दिवसांनी हसू आलं. मग त्यांची पिंढरी विचारली. दोन्ही पाय सारखे आहेत, बायकोनं दोरी लावून मोजून सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

सरांना सांगितलं. दोन ऑपरेशनांच्या मधे, थिएटरच्या चहाच्या कोपऱ्यात. यादी हातात दिली. त्यांनी टोपी काढली आणि ती यादी दोनदा वाचली.

सुई मिळालेले तीन, न मिळालेले तीन. बरोबरीत. म्हणजे सुईनं जास्त जगतात, असं आमच्या आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही. दुखणं मात्र नक्की कमी होतं. सर म्हणाले, तेवढं तरी. मग विचारलं, हे असं झालं कसं? मी सांगितलं, सगळं, बैलापासून रिक्षापर्यंत.

"प्रश्न छापलेला असतो तो वाचण्यासाठी, सिस्टर," म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. टोपी पुन्हा घालत म्हणाले, मला तरी तो वाचता आला असता का, कोण जाणे. मी तर फोनसुद्धा कधी केला नाही. मग हात धुवायला गेले. पुढचा रुग्ण टेबलावर होता.

मॅडमना पत्र मीच लिहायचं असं ठरलं. लिहिलं. फोनच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवायची विनंतीही केली, पिंढरीचा आणि दम लागण्याचा, तेही सातव्या दिवसापासून. नागपूरला सर बोलणार आहेत, पण आता वेगळं बोलतील. दुसऱ्या भूलतज्ज्ञाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. माझं काम जूनपर्यंतचं, पुढे राहील की नाही तेही कोणी बोललं नाही. मी विचारलं नाही. फार दमलेय.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी अकराला अपघात विभागातून बोलावणं. पोखर्णीचं म्हातारं माणूस, बालाजी नाव, पायरीवरून घसरलेलं, खुबा मोडलेला. मी फॉर्म आणि पाकिटांचा डबा घेऊन गेले. खाटेपाशी त्यांची बायको सरजाबाई, आणि तिच्या शेजारी कस्तुराबाई.

मी दारातच थांबले. वाटलं, भांडायला आल्यात, आणि आल्या असतील तर बरंच आहे. पण सरजाबाई त्यांची शेजारीण. तिला एकटीला दवाखान्याची भीती वाटते म्हणून सोबत आल्या होत्या. आमच्या माहितीत एक सिस्टर हाय, असं सांगून तिला इथं त्यांनीच आणलं होतं. गावाजवळ दुसरे दवाखाने नाहीत असं नाही.

सरजाबाईनं माझा हात धरला आणि विचारलं, वाचतेत ना? तोंडात उत्तर तयार होतं, चोवीस वर्षांचं. मी ते गिळलं. म्हणाले, माहीत नाही. दहातला एखादा महिन्याभरात जातो, ऑपरेशन केलं तरी. नाही केलं तर त्याहून जास्त.

सरजाबाईचा चेहरा उतरला. तिनं हात सोडला आणि कस्तुराबाईंकडे बघितलं. आता ही उठून जाणार असं मला वाटलं. कस्तुराबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मला म्हणाल्या, "हिला सगळं सांगा, सिस्टर. मला न्हाई सांगितलं तेबी."

मी स्टूल ओढलं, त्या दोघींच्या समोर बसले आणि पिंढरीपासून सुरुवात केली.